डॅशबोर्ड रोज उघडले जातात, पण कामगिरी जागची हलत नाही. चूक कुठे शोधायची?

प्रश्न
१२ गोदामांसाठी बीआय (बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीचा डेटा गोळा करून निर्णयांसाठी आकडे दाखवणारी यंत्रणा) सुरू होऊन ८ महिने झाले. डॅशबोर्ड रोज पहाटे रिफ्रेश होतात, व्यवस्थापक ते बघतातही. तरी साठा कमी होत नाही आणि ऑर्डरपूर्तीही (मागितलेल्या मालापैकी वेळेत पोचलेला वाटा) जैसे थे. शिवाय पूर्तीचा आकडा विक्री विभागाचा वेगळा, गोदामाचा वेगळा. सुरुवात कुठून करावी? आणि सुधारणा झालीच, तर ती बीआयमुळे झाली हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद १
आकडे जुळत नसले की पहिला संशय जॉइनवर, म्हणजे डेटाची दोन टेबलं जोडण्याच्या पद्धतीवर घ्या. समजा, १०० नगांची ऑर्डर ४०, ३५ आणि २५ अशा तीन खेपांत गेली. ऑर्डरचं टेबल खेपांच्या टेबलाला थेट जोडलं की ऑर्डरची ओळ तीनदा येते. मागणी ३००, पुरवठा १००, पूर्ती ३३ टक्के! प्रत्यक्षात सगळा माल पोचलेला असतो. खेपांची बेरीज आधी ऑर्डरच्या ओळीनुसार करा, मगच जोडा. नुसता ऑर्डर क्रमांक घेऊ नका, एका ऑर्डरीत अनेक वस्तू असतात. आणि कृपा करून डिस्टिंक्ट (सारखी नोंद एकदाच धरणारी आज्ञा) लावून हे झाकू नका; ५०-५० च्या दोन खेपा असतील तर बेरजेतून एक गायब होईल.

मग व्याख्या. ‘वेळेत’ म्हणजे ग्राहकाने मागितलेल्या तारखेला की आपण कबूल केलेल्या? कबूल केलेली तारीख नंतर बदलता येत असेल तर आकडा कायम छानच दिसणार. पहिली तारीख वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा.

प्रतिसाद २
वरचं सगळं दुरुस्त केलंत तरी खरा अडथळा बहुधा पुढेच असेल: आकडा दिसल्यावर कोण, कधी, काय करणार हे ठरलेलं नसतं.

एका वस्तूची रोजची विक्री २० नग, माल यायला ६ दिवस, सुरक्षित साठा (अडीअडचणीसाठी राखलेला) ३०. म्हणजे साठा १५० वर आला की पुरवठादाराला ऑर्डर गेली पाहिजे. मंगळवारी सकाळी डॅशबोर्डवर १५० दिसले, पण खरेदीची बैठक सोमवारी. तोवर उरतात ३० नग. ते दीड दिवसात संपतात आणि पुढचे साडेचार दिवस कप्पा रिकामा. मग घाबरून सुरक्षित साठा वाढवला जातो. तुमचा साठा कमी न होण्याचं कारण इथेच असू शकतं. अशा वेळी रिफ्रेश तासातासाला केल्याने काडीचा फरक पडत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंतची ऑर्डर बैठकीविना त्याच दिवशी टाकायचा अधिकार खरेदी अधिकाऱ्याला द्या.

प्रतिसाद ३
परिणाम मोजायचा तर त्याच दिवशी ऑर्डर टाकायचा हा नवा नियम सगळीकडे एकदम लावू नका. चिठ्ठ्या टाकून ६ गोदामं आत्ता घ्या, ६ तीन महिन्यांनी. सर्वांत वाईट गोदामं आधी निवडायचा मोह होतो. पण तिथला आकडा थोडाफार आपसूकच सावरतो आणि श्रेय बीआयला जातं.

समजा, पूर्तीत पहिला गट ८२ वरून ८९ टक्क्यांवर गेला आणि थांबलेला गट ८१ वरून ८५ वर. मग परिणाम ७ नव्हे, ३ टक्के-बिंदूंचा. १२ गोदामांत एवढा फरक योगायोगानेही दिसू शकतो, म्हणून आधीच्या वर्षभरात हा आकडा दर महिन्याला किती वरखाली होत होता ते बघा. पूर्तीबरोबर साठ्याचे दिवसही (आहे तो साठा किती दिवस पुरेल) मोजा. गोदाम भरून ठेवलं की पूर्ती कोणालाही वाढवता येते.