न बोलता चालायचंय, पण मावशीला दिसत नाही

सड्यावरची:
देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या आठजणी येत्या रविवारी सकाळी अजिबात न बोलता चालणार आहोत. देवळामागची राई, मग चिऱ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट), व्हाळ (ओढा), सुरूचं बन आणि पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिन्रिन-योकू’, म्हणजे रानात न्हाणं, असा शब्द काढला, ते वाचलं होतं. पण मला हे सुचलं आजीमुळे. राईत शिरताना ती चपला काढायची आणि बोलायची थांबायची. आम्हाला कधी गप्प बसा म्हणाली नाही, आमचाच आवाज उतरायचा.

माझ्या मावशीला काचबिंदूमुळे आता फक्त उजेड-अंधार कळतो. ती म्हणाली, "माका दिसणा नाय, पण आयकाक येता. माकाव घेवन चला." तिला न्यायचंच आहे. पण दगड आला, पायरी आली, हे न बोलता कसं सांगू? हात धरून ओढत नेलेलं तिला मुळीच आवडत नाही.

खाडीकाठ:
ताई, तुम्ही त्यांना धरू नका, त्यांना तुम्हाला धरू द्या. माझे बाबा वीस वर्षं माझ्याबरोबर असेच चालतायत. मावशींनी तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. तुम्ही पायरी उतरलात की ते त्यांच्या हाताला आधी कळतं. पाखाडीच्या पहिल्या पायरीपाशी क्षणभर थांबा, मग उतरा. वाट अरुंद झाली की तोच हात पाठीमागे न्या, त्या आपसूक तुमच्या मागे येतील. आधी दोन दिवस अंगणात करून बघा.

पोफळ:
धोक्याला मात्र मौन नको. आपल्याकडे कातळावर फुरसं असतं, पाचोळ्यात दिसतही नाही. पुढचीने काठी घ्यावी आणि दिसलं तर मोठ्याने "थांबा" म्हणावं. अनवाणी फक्त देवळापाशी, पुढे पायात बूट हवेत. रविवारी वद्य द्वितीया आहे. तिथीची पाऊणपट केली की दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला सुकती (पूर्ण ओहोटी). त्या वेळी पुळणीवर पोचा, ओली घट्ट वाळू मावशींच्या पायाला बरी.

सड्यावरची:
जाऊन आलो. पहिली दहा मिनिटं कठीण गेली, कुणाची तरी बांगडी वाजली तरी सगळ्या वळून बघायच्या. मग कुटुर्गा पक्षी ओरडायला लागला आणि आमचं एकमेकींकडे बघणं थांबलं. राईत मावशीने माझा दंड दाबला. मला काहीच कळेना. थोड्या वेळाने पंखांचा सूं सूं आवाज आला आणि धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. तिने ती किती लांबून ऐकली असेल! सुरूच्या बनात ती आपण होऊन थांबली, बराच वेळ. वारा कुठला आणि लाटा कुठल्या हे ती वेगळं करत होती, असं तिने नंतर चहा पिताना सांगितलं. पुळणीवर तिने माझा हात सोडला आणि पाण्याच्या आवाजाकडे एकटी चालत गेली. मी मागे उभी राहिले. रडू आलं.

खाडीकाठ, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आता तिला कांदळवनात जायचंय. ओहोटीला चिखलातून टिचक्यांसारखे आवाज येतात, ते तिने लहानपणी ऐकलेत. तिथे दंड धरून चालता येईल, की होडी बरी?

खाडीकाठ:
होडी. वल्ह्यांची घ्या, इंजिनाची नको.