7एसके आरएनएला विसरू नका
एचआयव्ही आणि प्रथिन न बनवणारे आरएनए यांवरची इथली चर्चा मायक्रोआरएनएपाशीच (जनुकांना आवर घालणारे चिमुकले आरएनए) थांबली आहे, आणि प्रथिन न बनवणाऱ्या बाकीच्या आरएनएशी एचआयव्हीचं फारसं देणंघेणं नाही, असंही एकाने लिहिलंय. हे मला अजिबात पटत नाही. 7एसके आरएनएचंच बघा.

जेमतेम 330 अक्षरांचा हा आरएनए आपल्या पेशींच्या केंद्रकात मुबलक असतो. जनुकाची आरएनए-नक्कल करणारं पॉलिमरेज हे विकर सुरुवातीलाच थोडं पुढे जाऊन अडतं. त्याला पुढे ढकलणारी प्रथिनांची जोडी म्हणजे पी-टेफबी. 7एसके, हेक्सिम1 या प्रथिनाच्या मदतीने, यातल्या बऱ्याच जोड्या निष्क्रिय करून धरून ठेवतो. त्याचं हे काम 2001 मध्ये उजेडात आलं.

एचआयव्हीच्या जनुकांवरही पॉलिमरेज असंच अडतं. मग विषाणूचं टॅट प्रथिन पी-टेफबीला 7एसकेच्या पकडीतून सोडवतं आणि विषाणूच्या नवजात आरएनएच्या टोकाशी असलेल्या टार या वळशावर आणून बसवतं. झालं, पूर्ण लांबीच्या प्रती धडाधड निघू लागतात, त्यांतून आणखी टॅट तयार होतं. विश्रांत टी पेशींत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी) मात्र सक्रिय पी-टेफबी तुटपुंजं असतं. विषाणू तिथे वर्षानुवर्षं दबून राहतो त्यामागचं हे एक मोठं कारण, आणि अशा दबलेल्या विषाणूमुळेच एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधं) आयुष्यभर घ्यावी लागते.

आणि टीआरएनए, म्हणजे प्रथिन बनवताना अमिनो आम्लं वाहून आणणारे आरएनए? लायसिन हे अमिनो आम्ल वाहणारा आपला एक टीआरएनए विषाणू सोबत भरून नेतो. त्याची शेवटची 18 अक्षरं विषाणूच्या आरएनएशी जुळतात आणि त्या आरएनएवरून विषाणूचा डीएनए बनवायला तिथूनच सुरुवात होते.