पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी पावसाळ्यात आतून काळी पडू नये म्हणून काय करावे?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. आमचे घर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे आणि इकडचा मुसळधार पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. गोठ्यात दोन म्हशी व एक बैलजोडी असल्याने सुगीनंतर रचलेली गंजी पुढच्या सुगीपर्यंत पुरवावी लागते. वडिलांना आता शिडी चढवत नाही, म्हणून यंदा गंजी मी रचणार आहे. गेल्या पावसाळ्यात ताडपत्री घट्ट बांधूनही मधले पिंजर काळे पडले आणि म्हशींनी त्याला तोंड लावले नाही. पूर्वी ताडपत्रीशिवाय गंजी टिकत असे, मग आता बिघडते कुठे?

येळ्ळूरचा शेतकरी:
दादा, मळणी कशी करता? भात हाताने झोडपले की पेंढी अखंड राहते, काड्या एका दिशेने असतात आणि पाणी त्यांवरून निथळून जाते; ट्रॅक्टर फिरवून मळले की काड चेपते, विस्कटते आणि पाणी शोषून घेते. सगळे भात झोडपायला आज माणसे मिळत नाहीत, हे खरे. पण बाहेरचा थर आणि शेंडा यांना पुरतील एवढ्या पेंढ्या तरी झोडपून वेगळ्या ठेवा व मोकळे पिंजर आत भरा. रचताना पेंढीचे बूड बाहेर आणि शेंडा आत असावा, आणि मधला भाग कडेपेक्षा सतत उंच ठेवावा, म्हणजे प्रत्येक पेंढी बाहेरच्या अंगाला उतरती राहते. मध्ये खळगा राहिला, तर झिरपलेले पाणी तिथेच मुरते.

निपाणीकर:
आमच्याकडे ज्वारीचा कडबा आणि पाऊसही कमी, त्यामुळे रचण्याबद्दल मी बोलणार नाही. मात्र म्हशी खात नाहीत म्हणून काळे पिंजर पेंडीत कालवून देऊ नका. बुरशी आलेले पिंजर सतत पोटात गेल्यास शेपटीचा शेंडा, कानाच्या कडा आणि खुरांजवळचा भाग सडू लागतो. ते सरळ शेणखताच्या खड्ड्यात टाकावे.

जांबोटीकर:
मळणी ट्रॅक्टरनेच होते. गंजी जमिनीवर फांद्या पसरून रचतो. ताडपत्री काढूनच टाकावी काय?

कणकुंबीची गृहिणी:
दादा, ताडपत्री फक्त डोक्यावर टोपीसारखी बसवा; बुडापर्यंत गुंडाळली की आतली वाफ आतच कोंडते. फांद्या वर्षभरात कुजतात, त्याऐवजी चिरे मांडून त्यांवर आडवी लाकडे टाका आणि गुडघाभर उंच माच करा, म्हणजे खालून वारा खेळतो. मधोमध खांब असेल तर पाणी त्याच्यावरून आत उतरते. त्याच्या गळ्याशी पिंजराचा पिळलेला दोर घट्ट आवळा. पिंजर ओले असताना मात्र रचू नका, ते आत तापते. आणि रोजचे पिंजर वरून उचलू नका. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा पूर्वेच्या अंगाने, तेही थोडे थोडे उपसून काढावे, म्हणजे शेंडा शेवटपर्यंत जागचा हलत नाही.