कडेची झाडं कोण मोजणार?

जंगलातून रस्ता काढताना 'जेवढी झाडं तोडली तेवढंच नुकसान' असा हिशेब मांडला जातो, तो मला पटत नाही. जंगलातून १ किमी लांब, २० मीटर रुंद रस्ता काढला तर जमीन जाते २ हेक्टर. पण उघड्या पडलेल्या कडेतून ऊन, कोरडा वारा आत शिरतो, मोठी झाडं उन्मळतात आणि तिथे वेली माजतात. ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळ अॅमेझॉनच्या जंगलाच्या तुकड्यांवर १९७९ पासून चाललेल्या प्रयोगात कडेपासून १०० मीटरपर्यंत झाडं जास्त मरताना दिसली. दोन्ही बाजू धरा, आणखी २० हेक्टर! उपग्रहाच्या चित्रात हे बहुतेक हिरवंच दिसतं म्हणा. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच कडेपासून आत ठरावीक अंतरांवर झाडं, रोपं मोजून ठेवायला हवीत; नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?