मदत हवी आहे : आठवडी बाजारातली काळी गोळी तपासायची कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझे मोठे काका गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातून काळ्या गोळ्या आणतात. विकणारा म्हणतो, शुद्ध जडीबुटी. पुडीवर ना लायसन्स नंबर, ना बॅच नंबर. गोळी घेतली की दिवसभर निंदण करतात. एक दिवस चुकली की नाक गळतं, दरदरून घाम, जुलाब, रात्रभर तळमळ. "गोई नसली त आंग मोडून येते बापा," म्हणतात. हे गुडघ्याचं दुखणं नाही. अफू किंवा ट्रामाडोल (सवय लावणारं वेदनाशामक औषध) मिसळलंय, असा मला दाट संशय आहे.

ट्रामाडोल 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे, अफू तर 1985 पासूनच. त्यामुळे घरचे घाबरलेत: तक्रार केली तर विकणारा राहील बाजूला, केस काकांवरच होईल. त्याच कायद्याच्या कलम 64अ मध्ये स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. पण काकांना तर आपण काय खातोय हेच माहीत नाही! त्यांना ते लागू होईल का? वकील मंडळींनी कृपया सांगावं.

गोळीचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे आपण स्वतः देऊ शकतो का? यवतमाळ किंवा अमरावतीत कोणी दिला असेल तर पद्धत सांगा. आणि गोळी एकदम बंद करायची की डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू? वय सत्तरीच्या पुढे, बीपी आहे. जवळचं सरकारी व्यसनमुक्ती केंद्र माहीत असेल तर लवकर कळवा, पुढच्या बाजाराआधी त्यांना न्यायचं आहे.