जत्रेतले पाळणे बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

घोडबंदरकर
काल आपल्या ठाण्याच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, जत्रेतले आकाशपाळणे, ब्रेक डान्स, टोराटोरा सरसकट बंद करा, हौस असेल त्यांनी मोठ्या पार्कात जावं. खाली कौतुकाची रांग. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहमदाबादचं कांकरिया विसरलात? १४ जुलै २०१९. तिथला पेंडुलम, म्हणजे लोलकासारखा झुलणारा पाळणा, जत्रेतला नव्हता, तलावाकाठच्या कायमच्या पार्कातला होता. मधला दांडा तुटला, २ जण गेले, पंचवीसवर जखमी. मोहालीला सप्टेंबर २०२२ मध्ये उंच टॉवरवरचा पाळणा वरून सुटून आदळला, तो जत्रेतला. म्हणजे दोन्हीकडे होतं. गरिबाच्या पोराने पार्कचं तिकीट कुठून आणायचं?

खरा घोळ वेगळा आहे. जत्रेतला पाळणा दर मुक्कामाला सुटा होतो, ट्रकवर चढतो, नव्या जमिनीवर पुन्हा उभा राहतो. मागच्या गावचा फिटनेसचा कागद इथे काय कामाचा? उभारणी झाल्यावर, वाळूची पोती भरून फिरवून बघितल्यावरच सही व्हायला हवी.

ऐरोलीची_आई
सहीवर एवढा भरवसा? अमेरिकेत ओहायोच्या जत्रेत जुलै २०१७ ला 'फायर बॉल' नावाचा पाळणा त्याच दिवशी तपासून पास झाला आणि संध्याकाळी तुटला. १८ वर्षांचा मुलगा गेला. तिथे ही गत, इथे कोण बघतंय?

गेल्या नवरात्रात माझी मुलगी बसली त्या पाळण्याच्या दांड्याला लॉकच्या जागी सुतळी होती. चालवणाऱ्या पोराला मिसरूडही फुटलं नव्हतं. ओरडले तर म्हणे, "कुछ नहीं होता मॅडम." हात धरून उतरवली तिला. बंदच करा.

कळव्याचा_फिटर
ताई, ओहायोचं अर्धंच सांगितलंत. राईड बनवणाऱ्या कंपनीनेच नंतर सांगितलं, पोकळ बीम आतून गंजून पत्रा पातळ झाला होता. अठरा-एकोणीस वर्षांची जुनी राईड. नुसतं बघून ते कळत नाही, अल्ट्रासोनिकने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, जाडी मोजावी लागते.

वेल्डिंगमध्ये हयात गेली माझी. चीर पडते ती वेल्डच्या कडेला, केसाएवढी. रंग खरवडून डाय टेस्ट केली, म्हणजे चिरेत मुरणारं लाल द्रावण लावून पुसलं, की लाल रेघ उठते. आणि सीझन आला की पाळणेवाला आधी काय करतो? रंग मारतो. मग साहेब येतात, चकचकीत दिसतं, सही. आयएस १५४७५ हे अशा राईडच्या सुरक्षेचं भारतीय मानक कधीचं आहे, पण ती शिफारस. सक्ती करा आणि रंगाखाली बघा.

मैदान_वाचवा
पाळण्यांवर एवढं बोलताय, मैदानाचं कोण बोलणार? जत्रा उठली की खुंट्यांचे खड्डे, खिळे, तेलाचे डाग. आमची पोरं पुढचे कित्येक आठवडे रस्त्यावर क्रिकेट खेळतात. माझ्या भाच्याच्या पायात खिळा घुसला तेव्हा कुणी चर्चा केली नाही.

घोडबंदरकर
विषय तो नाही. वेगळा धागा काढा.

मैदान_वाचवा
विषय तोच आहे, नीट वाचा! राजकोटला मे २०२४ मध्ये गेम झोनला आग लागली, सरकार कडक झालं, आणि जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात पाळण्यांना सिमेंटच्या फाउंडेशनची अट घातली. पाळणेवाले अडून बसले. उद्या तीच अट ठाण्यात आली तर काँक्रीट कुठे ओतणार? आमच्या खेळपट्टीवर! तुमची सुरक्षा, आमचं मैदान कायमचं गेलं.

कळव्याचा_फिटर
काँक्रीटच हवं असं नाही. जाड स्टील प्लेट, खाली चांगले स्लीपर (आडवे जाड ठोकळे), आधी जमिनीची भार चाचणी, आणि रोज सकाळी लेव्हल तपासणं. नवरात्रात परतीचा पाऊस असतो, एका रात्रीत एक पाय दबतो. पाळणा कलला की सगळा ताण एका बाजूच्या बोल्टवर येतो. जत्रेत किती जणांकडे लेव्हल बघितलीत?

मैदान_वाचवा
लेव्हल तुम्ही तपासा. खड्डे कोण बुजवणार? अनामत आधी घ्या. आणि मैदान फक्त नवरात्रात नाही, महोत्सव, एक्स्पो, सर्कस, वर्षभर भाड्याने जातं. नगरसेवकांना विचारलं की पालिकेकडे बोट, पालिकेला विचारलं की आयोजकाकडे.

नेरुळचा_भाचा
माझा मामा पाळणेवाला आहे. सगळे त्याला खुनी ठरवून मोकळे. मैदानाचं भाडं, डिझेल, ट्रक, वर पाऊस पडला की धंदा बुडाला. तपासायला येणारा आधी घरच्यांसाठी फुकट पास मागतो. त्याने कधी पिन हातात घेऊन बघितली नाही. अल्ट्रासोनिकचा खर्च कोण देणार ते सांगा.

ऐरोलीची_आई
खर्च परवडत नसेल तर माझ्या मुलीला वर चढवू नका! हे काय कारण झालं?

नेरुळचा_भाचा
मामा सुतळी बांधत नाही. आणि केस बांधून बसा म्हटलं तर बायकाच भांडतात. पिंजोरला २०१८ मध्ये गो-कार्टच्या चाकात केस अडकून एक बाई गेली, विसरलात?

ऐरोलीची_आई
केस बांधायला सांगणं हे चालवणाऱ्याचंच काम आहे. नाही बांधले तर राईड सुरू करू नका.
ठीक आहे, रंग खरवडून तपासणी, लॉकला खरी पिन, सज्ञान ऑपरेटर. एवढं झालं तर बंदीचं मी बोलणार नाही. तोवर माझी मुलगी खालीच उभी राहील.

घोडबंदरकर
तेवढं तर तेवढं. नवरात्राआधी माहिती अधिकारात उभारणीनंतरचा तपासणी अहवाल मागतोय, दर पाळण्याचा वेगळा, कोणत्या चाचण्या केल्या त्यासकट. कोण सोबत आहे?

कळव्याचा_फिटर
प्रश्न मी लिहून देतो. ऑपरेटरचं वय आणि वाऱ्याची मर्यादाही घाला.

मैदान_वाचवा
खड्ड्यांच्या अनामतीचा प्रश्न घातलात तरच मी येईन.