तिसरीच्या ड्रॉइंगच्या तासाला ‘शांती’ कशी शिकवू? सगळे पांढरं कबुतरच काढतात

रंगपेटी_डिचोली

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची, म्हापशाजवळच्या एका चर्चच्या शाळेत प्रायमरीला ड्रॉइंग घेते. नाताळच्या आधीचे चार आठवडे, म्हणजे त्यांचा आगमनकाळ, त्यात तिसरीच्या वर्गाला ‘शांती’ या ख्रिस्ती मूल्यावर चार तास घ्यायला सिस्टरनी सांगितलंय. तास ३५ मिनिटांचा, मुलं ३४, अर्ध्याहून जास्त हिंदू, बाकी कॅथलिक आणि तीन मुसलमान.

पहिला तास झाला आणि मला रात्री झोप लागली नाही. फळ्यावर शांती लिहिलं, म्हटलं काय वाटतं ते काढा. २९ कागदांवर कबुतर, चोचीत फांदी, ती पण सगळ्यांची आंब्याच्या पानांची, कारण ऑलिव्ह कुणी बघितलंय. पण एका मुलीने ओठांवर बोट ठेवलेली टीचर काढली. विचारलं हे काय गं, तर म्हणाली टीचर तुम्हीच सांगता ना शांत बसा. खरंच आहे, दिवसातून वीस वेळा सांगते. आपल्या भाषेत गप्प बसणं पण शांत आणि ती मोठी गोष्ट पण शांती, मग पोरांनी दुसरं काय समजायचं.

तर मला विचारायचंय की ख्रिस्ती लोक शांती म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणतात, मी बायबल वाचलेलं नाही आणि चुकीचं शिकवायचं नाहीये. आणि काढायला काय देऊ? सामान म्हणजे ऑइल पेस्टल, पोस्टर कलर, क्राफ्ट पेपर, फेविकॉल, एवढंच. दोन पालकांनी तर आत्ताच विचारलंय की धर्म शिकवता का म्हणून, त्यांना काय सांगू तेही कळत नाही.

वसईकर_मडगावात

ताई, त्या मुलीचा कागद जपून ठेवा, तुमचे चारही तास त्यातच आहेत.

मी वसईचा कॅथलिक, मराठीतच मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) ऐकत वाढलो, आता नोकरीमुळे मडगावात आहे. बायबलच्या जुन्या करारात शांतीला हिब्रू शब्द आहे शालोम. त्याचा अर्थ आवाज बंद असा नाही, त्याच्या मुळाशी पूर्ण असणं, धड असणं आहे, कुठे काही मोडलेलं फाटलेलं नाही असं. घरात अन्न आहे, शेजाऱ्याशी नीट आहे, देवाशी नीट आहे, हे सगळं मिळून शालोम. आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, धन्य कोणाला म्हटलंय तर शांती करणाऱ्यांना. करणाऱ्यांना, हे बघा. म्हणजे ती केली जाते, आपोआप नसते. त्याच अध्यायात थोडं पुढे आहे की वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. माझ्या आजीला हे इतकं पाठ होतं की भांडण झालं की आम्हा भावंडांना ती जेवायला बसू द्यायची नाही.

कबुतराचं पण सांगतो, कारण दोन गोष्टींची गल्लत होते. फांदीवालं कबुतर नोहाचं. जलप्रलय झाल्यावर त्याने तारवातून कबुतर सोडलं, ते ऑलिव्हचं कोवळं पान घेऊन परत आलं, म्हणजे कुठेतरी जमीन उघडी पडली. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर उतरतं ते पवित्र आत्म्याचं, त्याच्या चोचीत काही नसतं. आणि पोस्टरवर दिसतं ते बरंचसं पिकासोमुळे, १९४९ च्या पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर त्याचं कबुतर होतं तिथून जगभर गेलं. तुमच्या पोरांना कबुतर काढू द्याच, पण आधी पूर सांगा. २०२१ च्या जुलैत डिचोली-सत्तरीत घरात पाणी शिरलं होतं ते मुलांना घरून ऐकून माहीत असेल. पाणी ओसरल्यावर पहिलं काय दिसलं ते काढा म्हणा, चित्रं बदलतील.

पालकांना सरळ सांगा की ही बायबलमधली गोष्ट आहे आणि ती बायबलची म्हणूनच सांगते, कुणाला प्रार्थना करायला लावत नाही. गोष्ट कुठली ते लपवलं की लोकांना जास्त संशय येतो.

जुना_मास्तर_फोंडा

३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, निवृत्त आहे. वरच्यांनी अर्थ सांगितला, मी हाताचं काम सांगतो.

वादळातली होडी घ्या. बायबलमध्ये मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या चौथ्या अध्यायात आहे, येशू आणि त्याचे शिष्य संध्याकाळी निघतात, वादळ येतं, होडीत पाणी भरायला लागतं आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो. ती उशी फक्त मार्कमध्येच आहे, मुलांना फार आवडते, सगळे उशी मोठी काढतात. कार्ट्रिज पेपर घ्या, ड्रॉइंग बुकाचा कागद ओला झाला की गोळा होतो. पांढऱ्या ऑइल पेस्टलने नाहीतर साध्या मेणबत्तीने जोरात दाबून लाटा आणि पाऊस काढायला सांगा, होडी आणि माणसं रंगीत पेस्टलने. मग निळा पोस्टर कलर काळ्या चहासारखा पातळ करून रुंद ब्रशने वरून एकदाच फिरवायचा, दोनदा नाही. मेणावर रंग बसत नाही, पांढऱ्या लाटा एकदम उठतात, वर्गात मुलं ओरडतात तेव्हा ओरडू द्या. रंग जाड केला तर मेणावर पण चढतो आणि सगळा विचका होतो, आधी घरी एकदा करून बघा.

आणि ताई, तुमच्या ‘शांत बसा’ वरून मला एक सुचलं, इतकी वर्षं हे चित्र घेतलं पण कधी लक्षात आलं नव्हतं. त्या गोष्टीत शांत हो हे वादळाला सांगितलंय. घाबरून ओरडणाऱ्या माणसांना नाही.

दुसरा धडा तलवारीचा. बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात आहे की लोक तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील आणि भाल्यांचे कोयते करतील. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बागेत तसा पुतळा आहे, घण घेऊन तलवार वाकवणारा माणूस, १९५९ साली सोव्हिएत युनियनने दिलेला, त्याचा फोटो मोबाइलवर दाखवा. मग राखाडी कार्डशीटवर प्रत्येकाने तलवार काढून कापायची आणि त्याच तलवारीचे तुकडे करून नांगर किंवा कोयता चिकटवायचा. नियम एकच, एकही तुकडा कचऱ्यात टाकायचा नाही. लोखंड तेच राहिलं पाहिजे. आजकालच्या मुलांनी पॉवर टिलर बघितलेला असतो, नांगर नाही, तर नांगराचं चित्र आधी दाखवा नाहीतर पोरं ट्रॅक्टर करतील. केला तरी चालेल.

गुण देऊ नका या तासांना, एवढी विनंती.

कवळ्याची_लेक

मी सांगते ते थोडं वेगळं आहे. आमच्या शांतादुर्गेची कथा तुमच्या हिंदू मुलांना घरून माहीत असणार, शिव आणि विष्णू यांचं युद्ध चाललं होतं आणि देवी दोघांच्या मधे उभी राहिली, भांडण थांबवलं, म्हणून दुर्गा असून नाव शांता. गोव्यात किती घरांचं कुलदैवत आहे ते. मधे उभं राहणं हे मुलांना लगेच कळेल, खेळाच्या मैदानावर रोज होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा आणि सांगा की शेवटी सगळं एकच आहे.

वसईकर_मडगावात

कवळ्याची लेक, शांतादुर्गेची कथा जरूर सांगावी, माझी पूर्ण संमती, मलाही ती गोव्यात आल्यावरच कळली आणि शांती करणाऱ्यांचं याहून चांगलं चित्र सापडणार नाही. फक्त सगळं एकच असं नका म्हणू. देवी शिव-विष्णूंच्या मधे उभी राहते, येशू स्वतः अन्याय सोसून मारणाऱ्यांना क्षमा करतो, दोन्ही गोष्टी आपापल्या जागी पूर्ण आहेत. एकात एक कालवल्या की मुलाच्या हातात दोन्ही राहत नाहीत. म्हापशातच बघा ना, मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात तिला, पण कोणी म्हणत नाही की शिरगाव आणि म्हापसा एकच. बहिणी म्हणतात.

कवळ्याची_लेक

हे पटलं. बहिणी म्हणूया.

पर्वरीचा_वाचक

चित्र दाखवायचं असेल तर गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका दाखवा. सांतो इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मले, शांतिनिकेतनात शिकले, पुढे पुण्यात आश्रमात राहून काम केलं, १९६७ साली गेले. त्यांची मारिया, येशूची आई, साडी नेसलेली, आपल्याच गावच्या बाईसारखी. त्या काळात इथे त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आज त्यांची पुष्कळ चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेली आहेत. मुलांना एवढंच कळू दे की गोष्टीतली माणसं निळ्या डोळ्यांची काढायलाच हवीत असं नाही. होडीतले लोक आपले रापणकार (जाळं ओढणारे कोळी) असले तरी चालतात.

रंगपेटी_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. आज होडीचा तास घेतला म्हणून लगेच लिहायला बसले.

मास्तर, चहासारखा पातळ म्हणालात ते बरं झालं, पहिल्या बाकावर जाड झाला होता, मग पाणी घातलं. लाटा उठल्या तेव्हा खरंच ओरडली सगळी आणि शेजारच्या वर्गातल्या टीचर बघायला आल्या, मी कुणाला गप्प केलं नाही. उशा तर एवढ्या मोठ्या काढल्यात की काही होड्यांत माणसांना जागा नाही. ओठावर बोटवाल्या मुलीने होडीतल्या सगळ्यांची तोंडं उघडी काढली.

एक मुलगा आहे, वडील ट्रॉलरवर असतात, त्याने होडीला मोटर काढली, नंबर घातला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, टीचर, त्यांनी त्याला झोपेतून उठवलं म्हणून तो रागावला का? मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं. सर, काय सांगू?

शेवटच्या तासाला हात घेणार आहे. मिस्सेत शांती देताना हात जोडून नमस्कार करतात असं कॅथलिक मुलांनीच सांगितलं. प्रत्येकाने आपला एक हात कागदावर आखून कापायचा आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या हाताला जोडून एक नमस्कार करायचा असं मनात आहे. पण एक जण आत्ताच म्हणाला “हांव ताचेकडेन उलयना” (मी त्याच्याशी बोलत नाही). जबरदस्ती करायची नाहीये.

वसईकर_मडगावात

जबरदस्ती नकोच. त्याचा हात कापून त्याच्या वहीत राहू दे, अर्पण तिथेच ठेव म्हटलंय ना, तसं. नाताळनंतर जोडला तरी चालेल.

आणि त्या मुलाला सांगा की मार्कने क्रम लिहून ठेवलाय. त्यांनी उठवलं, तो उठला, आधी वादळ थांबवलं, आणि मग विचारलं की एवढे का घाबरलात. आधी विचारत बसला नाही.

रंगपेटी_डिचोली

हे उद्या पहिल्या तासालाच सांगते त्याला. सोमवारी तलवारी आहेत, राखाडी कार्डशीट म्हापशात मिळाली नाही, बुटांचे खोके आणायला सांगितलेत.